चौथा भिडू

प्रमोशन नाकारलं, बदली नाकारली आणि आयुष्यभर फुल टू धमाल केली. वाईच्या एका बँकवाल्या काकांची ही गोष्ट. आणि त्या धमालीचं बिल कुणी भरलं, त्याचीही!

तुमच्या मोबाइलमध्ये नंबर किती? पाचशे? हजार? आता त्यातले असे तीन काढा, ज्यांना रविवारी दुपारी 'ये रे, पत्ते खेळू' एवढंच म्हटलं तर अर्ध्या तासात दारात हजर होतील. कॅलेंडर न बघता, 'नेक्स्ट वीक नक्की जमवू या' न म्हणता. काय, अजून स्क्रोल करताय ना?

माझ्या मोठ्या काकांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांना घरात सगळे नाना म्हणायचे आणि गल्लीतही नानाच. मुक्काम पोस्ट वाई. म्हणजे पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूर फाट्याला आत वळायचं, की थोड्याच वेळात लागणारं कृष्णाकाठचं गाव. महाबळेश्वरला जाताना तुम्ही इथे ढोल्या गणपतीसमोर फोटो काढून पुढे सटकला असाल. नाना मात्र इथून कुठेच सटकले नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात गेले, तेही याच गावातून.

प्रमोशन? नको, थँक्यू!

१९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या गावांतून धडाधड शाखा उघडल्या. तशाच एका शाखेत नाना क्लार्क म्हणून चिकटले. ऑफिसर व्हायचं तर बॅग भरून बदलीला तयार राहायचं, हा बँकेतला शिरस्ता. नानांना दोनदा संधी आली आणि दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले. मॅनेजरसाहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "साहेब, मी गेलो तर मेंढीकोटाला चौथा भिडू कोण?"

मेंढीकोट खेळलेल्यांना यातलं लॉजिक लगेच कळेल. चार जण, दोन जोड्या. चारही दश्श्या एकाच जोडीने मारल्या की कोट. तिघांत हा डाव रंगत नाही. चौथा लागतोच. आणि नाना गावभर सगळ्यांचे चौथे होते.

आजच्या भाषेत याला करिअर सुसाइड म्हणतात. अॅप्रेझलच्या वेळी असं उत्तर दिलं तर बॉस सरळ एचआरकडे पाठवेल. पण नानांचा हिशेब वेगळा होता. संध्याकाळी बँकेतून निघाल्यावर दहा मिनिटांत घर. सहाला ओट्यावर सतरंजी पडायची. थंडीत कृष्णामाईचा उत्सव सुरू झाला की एकेका घाटाचा नंबर लागायचा. सात घाटांचे सात उत्सव, आणि नाना प्रत्येक पंगतीत वाढपी! रंगपंचमीला बावधनचं बगाड. हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या तरी रानात धुरात डोळे चोळत बसायचं. एलएफसी मिळाली, म्हणजे बँकेकडून प्रवासाचं भाडं मिळालं, की स्वतःच्या घरच्यांबरोबर आणखी दोन बिऱ्हाडं रेल्वेत चढवायची. त्यांचं भाडं त्यांनी द्यायचं, किस्से मात्र नानांकडून फुकट.

तो खांदा माझा!

वाईत हिंदी सिनेमावाल्यांचा कायम राबता. 'स्वदेस'मधला मेणवलीचा घाट तुम्ही पाहिलाय. 'गंगाजल'च्या वेळी तर वाईचं चक्क बिहार झालं होतं. नानांनी हाफ डे टाकला आणि गर्दीत जाऊन उभे राहिले. २००३ मध्ये सिनेमा आला, नंतर त्याची सीडी आली आणि पाहुण्यांची शिक्षा सुरू झाली. नाना एका सीनला पॉज करायचे, टीव्हीपाशी जाऊन बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा बघ, ठमे, हा खांदा माझा." मला आजतागायत तो खांदा दिसलेला नाही.

पण तो खांदा गावाला चांगला माहीत होता. गल्लीत कुणी गेलं की बांबू आणि मडकं आणायला नाना पुढे. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं की नानांची चेतक बाहेर निघायची. १९८० च्या दशकात ही स्कूटर मिळायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. नानांना ती मिळाली आणि लगेच सगळ्या आळीची झाली. सातारा तिथून पस्तीसेक किलोमीटर. पेशंट मध्ये, त्याला धरून मागे मुलगा, आणि पुढे नाना जोक सांगत. "घाबरू नका, आपल्याला उद्या डाव पुरा करायचाय."

मजा करणारी माणसं आपल्याला जरा उथळ वाटतात. नानांकडे बघून वाटायचं, यांना कशाचं टेन्शनच नाही. टेन्शन होतं. दोन मुलींची लग्नं होती, घराचं कर्ज होतं, एका भावाचं आजारपण होतं. पण ज्या माणसांबरोबर रोज हसलोय त्यांना रात्री दोनला उठवायला लाज वाटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं नेटवर्किंग असं होतं. फक्त त्यात व्हिजिटिंग कार्ड नव्हतं.

आणि बिल?

तेराव्याला दारात चपलांचा ढीग होता. जो तो किस्से सांगत होता, लोक रडता रडता हसत होते. काकू माजघरात बसून ऐकत होती. मी शेजारी टेकले तेव्हा हळूच म्हणाली, "हसवायचे ते. भांडी माझी."

हे वाक्य कुठल्याच किश्श्यात नव्हतं. नऊ वाजता 'अगं, चौघं जेवायला आहेत' असा पुकारा झाला की कणीक परत कोण भिजवत होतं? उत्सवाच्या आठवड्यात मुलींचा अभ्यास कोण घेत होतं? प्रमोशन नाकारल्यावर महिनाअखेरीचा मेळ कोण घालत होतं? "त्यांना माणसं लागायची," काकू म्हणाली. "मला काय लागतं, ते कुणी विचारलंच नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

आणखीही एक गोष्ट खरी. पाचची सुट्टी, दहा मिनिटांवर घर, पक्की नोकरी, वर पेन्शन. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास ब्रेक दाबत, डोक्यावर फ्लॅटचा ईएमआय घेऊन नानांसारखं जगायचं म्हटलं तर कसं जमणार? तेव्हा 'पूर्वीची माणसं ग्रेट, आपण बोअर' असलं रडगाणं नको. त्यांच्याकडे वेळ होता, आणि त्यातला बराचसा काकूने कमावून दिलेला होता.

पण ऐका, गोष्ट इथे संपत नाही. नाना गेल्यावरही ते तिघे सहाला ओट्यावर येऊन बसायचे. सवय, दुसरं काय! पत्ते निघायचे नाहीत. काकू चहा द्यायची, ते पिऊन जायचे. महिनाभराने एक दिवस तिने ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि सतरंजीवर बसली. "वाटा पानं." तिघे बघतच राहिले. चाळीस वर्षं दारातून डाव बघणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी कोट दिला. मग नियम सांगितला, "उद्यापासून चहा ज्याचा त्याने करायचा. गॅस कसा पेटतो ते दाखवीन."

डाव अजून चालू आहे. चहा बेकार असतो म्हणे.

चौथा भिडू व्हायचंय?

* आठवड्यातली एक संध्याकाळ फिक्स करा. 'कधीतरी भेटू' हा वार कॅलेंडरमध्ये नाही.
* हॉटेल नको, घर चालेल. बेत साधा ठेवा, मिसळ किंवा खिचडी. नंतरची भांडी पाहुण्यांनी घासायची.
* शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव माहीत करून घ्या. रात्री दोनला अॅम्ब्युलन्सच्या आधी तोच पोचतो.
* गावी कुणी नाना असतील तर त्यांचे किस्से रेकॉर्ड करा. आणि मग फोन काकूंच्या हातात द्या.