सराफाची खूण आणि जुनी गाडी

नाशिकहून त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटर. पण एवढ्याशा रस्त्यावर दोन जागा अशा आहेत, की जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाने त्या माहीत करून घ्याव्यात. पहिली सातपूर. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या वर्षानुवर्षं बाहेर पडत आल्या आहेत. दुसरी अंजनेरी. तिथे भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली, नाणेतज्ज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. नवी गाडी कशी बनते ते सातपूरला कळतं. जुनी गाडी घेताना माणूस का फसतो, याचं उत्तर मात्र मला अंजनेरीच्या नाण्यांत दिसतं.

जुनी चांदीची नाणी जवळून पाहिली की अनेकांवर मूळ छापाखेरीज बारीक बारीक ठसे दिसतात. ते टाकसाळीतले नव्हेत. नाणं हातात आलं की सराफ ते वाजवायचा, घासायचा, तोलायचा आणि चांदी खरी आहे असं पटलं की स्वतःची खूण उमटवायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहत नाण्यांवरही अशा खुणा सापडतात. पुढे मराठेशाहीत तर एकाच बाजारात कितीतरी प्रकारचे रुपये चालायचे. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलताना होणारी कपात, वेगळा. म्हणून गावगाड्यात नाणी पारखायला पोतदार असायचा. शेतसारा भरणाऱ्या कुणब्याला चांदीतली भेसळ कळणार कशी? ज्याला कळते त्याच्या डोळ्यांनी बघायचं आणि त्या नजरेची किंमत मोजायची, एवढी साधी ही सोय.

मोटारकंपनीच्या शोरूममधल्या जुन्या गाडीच्या काचेवर ‘सर्टिफाइड’ असा स्टिकर असतो ना, तीही सराफाची खूणच. मारुतीने २००१ साली ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केलं, पुढे महिंद्राचं ‘फर्स्ट चॉइस’, टोयोटाचं ‘यू ट्रस्ट’, ह्युंदाईचं ‘एच प्रॉमिस’ आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच: गाडी आम्ही तपासली आहे, तुम्ही निर्धास्त घ्या.

आणि तरीही माणसं निर्धास्त होत नाहीत. समजा, त्र्यंबकात पूजासाहित्याचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना सात सीटर हवी आहे. ओळखीच्या एजंटाची भीती वाटते म्हणून दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण कंपनीच्या डीलरकडूनच घेऊ, असं घरात ठरतं. मोबाइलवर पसंत केलेली गाडी नाशिकला पोचेपर्यंत ‘कालच गेली’ असते. दुसरी आहे, पण ती दुसऱ्या यार्डात. आधी टोकन भरा, मग मागवतो. सिंगल ओनर आहे, डॉक्टरांची गाडी आहे, एक नंबर आहे. किंमत ठरल्यावर हँडलिंगचे वेगळे, कर्ज आमच्याच बँकेचं, विमा आमच्याकडूनच. वॉरंटी आहे, पण बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती. क्लच, बॅटरी, टायर, सस्पेन्शन तुमचं तुम्ही बघा. सर्व्हिसचं रेकॉर्ड विचारलं तर ‘सिस्टममध्ये आहे’, आणि त्या सिस्टमच्या स्क्रीनचं तोंड असतं सेल्समनकडे. पुढे काही बिघडलं की कंपनी म्हणते डीलरशी बोला, कारण पाटी कंपनीची असली तरी बिल डीलरच्या नावाचं असतं. डीलर हा स्वतंत्र व्यापारी. कंपनीचं नाव लावायचा हक्क त्याने घेतलेला असतो. गृहस्थ वैतागतात, आणि त्यांचं वैतागणं अगदी रास्त आहे.

टेबलाच्या एका बाजूलाच दिसणारी ती स्क्रीन हे या सगळ्याचं मूळ आहे. याच गोष्टीवर एका माणसाला नोबेल मिळालं, आणि त्या हकिगतीचा एक तुकडा आपल्या देशात घडला.

जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या तरुण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एक छोटा निबंध लिहून एका बड्या नियतकालिकाकडे पाठवला आणि तो वर्षभरासाठी भारतात आला. निबंध परत आल्याचं पहिलं पत्र त्याला इथे असतानाच मिळालं. इतक्या क्षुल्लक विषयावर आम्ही छापत नाही, असा संपादकांचा सूर होता. दुसऱ्या नियतकालिकानेही तो क्षुल्लक ठरवला. तिसऱ्याचा आक्षेप उलटाच: हे बरोबर असेल तर सगळं अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं! १९७० मध्ये तो अखेर छापून आला. नाव ‘द मार्केट फॉर लेमन्स’ (लेमन म्हणजे खराब निघालेली गाडी), विषय जुन्या गाड्यांचा बाजार. आणि २००१ साली, इकडे ट्रू व्हॅल्यूच्या पाट्या लागत होत्या त्याच वर्षी, ॲकरलॉफला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं.

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडून बघा. बाजारात एकाच मॉडेलच्या दहा गाड्या आहेत. पाच चांगल्या, खरी किंमत चार लाख. पाच खराब, किंमत दोन लाख. कोणती कुठली ते मालकांना माहीत आहे, तुम्हाला नाही. मग तुम्ही शहाणपणाने मधला भाव धरता, तीन लाख. खराब गाडीचा मालक आनंदाने हो म्हणतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, तीन लाखांत कोण देतो, आणि गाडी घरीच ठेवतो. आता बाजारात उरल्या खराबच. हे तुमच्या लक्षात आलं की तुम्ही दोन लाखांच्या वर जात नाही. कोणी खोटं बोललं नाही, कोणी मीटर मागे फिरवला नाही, तरीही चांगल्या गाड्या बाजारातून नाहीशा झाल्या! मला हा युक्तिवाद पहिल्यांदा कळला तेव्हा आपल्याकडची एक नेहमीची गोष्ट एकदम उलगडली: चांगली ठेवलेली गाडी मामाकडून भाच्याकडे, साहेबांकडून ड्रायव्हरकडे जाते आणि शोरूमचं तोंडही बघत नाही. जिचा इतिहास दोघांनाही ठाऊक आहे, अशीच गाडी पूर्ण किमतीला विकली जाते.

हलक्या नाण्याने चांगलं नाणं चलनातून हाकललं जातं, हा ग्रेशमच्या नावाने ओळखला जाणारा जुना नियम ॲकरलॉफने निबंधात आठवला आहे. फरकही दाखवला आहे: नाण्याच्या व्यवहारात हलकं नाणं कोणतं ते दोघांनाही माहीत असतं, गाडीच्या व्यवहारात एकालाच. भारतातलं उदाहरणही त्यात आहे, बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेल्या खड्यांचं. आणि उपाय म्हणून त्याने हमी, नावाजलेला ब्रँड, साखळी दुकानं अशा गोष्टी मोजल्या आहेत. म्हणजे कंपनीची जुन्या गाड्यांची शोरूम हा त्याच्या हिशोबाने रोगावरचा इलाजच.

मग इलाजाचाच त्रास का व्हावा? माझं उत्तर सराफाकडे आहे. पारखणाऱ्याला मोबदला पारखण्याचा मिळायचा. नाणं खरं निघो की खोटं, त्याची मजुरी ठरलेली. इथे गाडी पारखणाराच ती विकणारा असतो. कुणाच्या तरी नव्या गाडीच्या बदल्यात जुनी घेताना तो तिच्यातली खोट शोधून किंमत पाडतो, आणि तीच गाडी विकताना ती खोट सांगायची की नाही हे त्याच्याच हातात असतं. ट्रू व्हॅल्यूची तपासणी ३७६ मुद्द्यांची असल्याचं कंपनी सांगते. हे मुद्दे कागदावर असतात, तो कागद हक्काने मागा. गाडी उजेडात उभी करून तोच कागद हातात घेऊन तिच्याभोवती फिरा, कारण आश्चर्य वाटावं इतकं गाडी स्वतःच सांगते.

चासी नंबरपासून सुरुवात करा. १७ अक्षरं-आकडे असतात. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. पहिली तीन चिन्हं बनवणाऱ्याची: महिंद्राची एमए१, मारुतीची एमए३. पुढे बहुधा दहाव्या जागी वर्षाची खूण. आता काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या छापाबरोबर तिच्या जन्माचा काळ सांगणारा आकडा किंवा ठिपके असतात. पाच काचा एका वर्षाच्या आणि उजव्या मागच्या दाराची तीन वर्षांनी लहान असेल, तर त्या दाराला काहीतरी झालं होतं. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला चार नवे टायर कशाला लागले, हा प्रश्न मग आपोआप सुचतो.

दार उघडा आणि चौकटीवरचं काळं रबर बोटांनी अलगद ओढा, ते सुटून येतं. आत पत्र्यावर ओळीने छोटे गोल खळगे दिसतील, सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे. कारखान्यातल्या यंत्राने दिलेले हे स्पॉट वेल्डिंगचे टाके. एका गाडीत असे काही हजार असतात. ही ओळ कुठे तुटली, खळग्यांच्या जागी घासलेला ओबडधोबड डाग आला, की तिथला पत्रा कापून जोडलेला आहे. वरचं डेंटिंग-पेंटिंग कितीही सुरेख असो, रबराखाली सहसा कोणी एवढे कष्ट घेत नाही. रंगाची जाडी मोजायचं तळहाताएवढं यंत्रही मिळतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दुप्पट. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी आकडा कित्येक पटींनी उडी मारतो.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकता येते, आणि त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या पावसात तिचं उरलंसुरलं वायरिंग लवकर दगा देतं. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज न उलगडणाऱ्या त्या टोकाला गाळाची रेघ असेल, तर नाशिकच्या रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघून गोदेचा पूर सांगतात तसं त्या पट्ट्यावरून पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं.

किलोमीटरचं मात्र डोळ्यांनी पूर्ण कळत नाही. डिजिटल मीटरचा आकडा चिपमध्ये असतो आणि तो बदलता येतो. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आहे आणि मीटर २५ हजार म्हणतोय, तर शंका घ्यावी. शिर्डी–नाशिक–त्र्यंबक अशा फेऱ्या मारलेली गाडी वर्षाला किती धावते याचा अंदाज इथल्या कोणालाही असतो. खरा पुरावा सर्व्हिसच्या नोंदींत: कोणत्या तारखेला किती किलोमीटर. त्या नोंदी कंपनीच्या डीलरला एका क्लिकवर दिसतात. एजंटापेक्षा डीलरकडे जायचं सर्वांत मोठं कारण तेच, आणि म्हणून त्या नोंदींची छापील प्रत मिळाल्याखेरीज टोकन देऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

आता नावाची गोष्ट, जिच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. एका माणसाने १२ जुलै २००७ ला आपली गाडी विकली. ती पुढे आणखी हातांतून गेली, पण आरटीओत नाव मूळ मालकाचंच राहिलं. २७ मे २००९ ला त्या गाडीने झालेल्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ६ फेब्रुवारी २०१८ ला, नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात, न्यायालयाने नोंदीत नाव असलेल्यालाच मालक धरलं. गाडी हातातून जाऊन दहा वर्षं उलटल्यावर जबाबदारी त्याच्याकडे आली.

शोरूमच्या यार्डात महिनोन्महिने उभ्या गाड्यांचं हेच दुखणं होतं: जुन्या मालकाच्या सह्या घेतलेले मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म फायलीत, गाडी डीलरच्या ताब्यात, नाव तिसऱ्याचंच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आता जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते पाच वर्षं चालतं. गाडी ताब्यात घेतल्याचं २९-सी फॉर्मवर कळवलं की कायद्याच्या दृष्टीने तोच मालक ठरतो, आणि गाडी बाहेर काढली की फेरीची नोंद ठेवावी लागते. फार चांगला नियम आहे हा. शोरूममध्ये गेल्यावर ‘२९-सी झालाय का?’ एवढं विचारलं तरी समोरचा माणूस सावरून बसतो. जीएसटीचंही विचारा, सर्वसाधारणपणे तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून डीलरच्या फरकाच्या रकमेवर असतो. आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

ॲकरलॉफबरोबर नोबेल मिळालेल्या स्टिग्लिट्झने एक वेगळाच मुद्दा मांडला होता: ज्याला माहिती नाही तोही समोरच्याकडून ती काढून घेऊ शकतो, फक्त त्याच्यापुढे असा पर्याय ठेवायचा की त्याची निवडच सगळं सांगून जाईल. विमा कंपन्या हे रोज करतात. त्र्यंबकच्या आपल्या गृहस्थांनाही ते जमेल. सगळं बघून झालं की सेल्समनला म्हणायचं, ‘साहेब, गाडी दोन तास आमच्या मेकॅनिककडे नेतो. तुमचा माणूस सोबत द्या. तपासणीचा खर्च माझा.’ गाडीत काही दडलेलं नसेल तर डीलरचं यात जातं फक्त पेट्रोल. तो किल्ली देतो की कारणं देतो, ते बघायचं.