वाडा, वाट आणि बँकॉक

कट्ट्यावर एकदा सहज म्हणून बघा, 'मी बँकॉकला चाललोय.' पुढचं सगळं ठरलेलं आहे. एकजण डोळा मारणार, दुसरा 'मजा आहे बुवा एका माणसाची' म्हणणार, तिसरा 'घरी काय सांगितलंस?' असं विचारणार. आपल्याकडे या शहराचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकच हसू उमटतं. त्या हसण्यापायी एक गोष्ट राहूनच जाते. हे शहर शेकडो बुद्धमंदिरांचं आहे, आणि ती मंदिरं समजून घ्यायची निम्मी किल्ली मराठी मुलाच्या खिशात आधीपासूनच असते.

खोटं वाटतं? मग गावापासूनच सुरुवात करू. गेवराई तालुक्यातलं आपलं त्वरितादेवीचं तलवाडा घ्या. यातला 'वाडा' संस्कृतातल्या 'वाट' या शब्दावरून आला. अर्थ, कुंपण घातलेली जागा, आवार. थायलंडमध्ये बुद्धमंदिराला म्हणतात 'वाट', आणि तोही याच शब्दाचा वारस. म्हणजे तलवाड्यातला वाडा आणि बँकॉकमधला वाट हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्कीच.

नावं वाचत चला

मुंबईहून विमान पाच तासांच्या आत तुम्हाला बँकॉकला पोचवतं. तलवाड्याहून एसटीने मुंबई गाठायलाच याहून जास्त वेळ लागतो! उतरता त्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. परत निघताना तिथेच समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प दिसतं. शहराला तिथले लोक बँकॉक म्हणतच नाहीत, 'क्रुंग थेप' म्हणतात. त्यातला 'थेप' म्हणजे आपला देव. तिकिटावर किंवा पावतीवर तारीख बघून दचकू नका. तिथे बुद्धवर्ष चालतं. आपलं २०२५ म्हणजे त्यांचं २५६८.

मंदिरांच्या नावांचंही तसंच. 'वाट अरुण' तर फोडून सांगायलाच नको. 'वाट फो' हे नाव बोधीवरून आलं. त्याच मंदिराच्या लांबलचक अधिकृत नावात 'चेतुफोन' असा शब्द येतो. तो म्हणजे जेतवन, अनाथपिंडकाने भगवान बुद्धांना दान दिलेलं श्रावस्तीचं वन. 'लोहा प्रासात' म्हणजे लोहप्रासाद. शेजारी उभा असलेला युरोपियन पर्यटक ही नावं पाठ करत असतो, आणि तुम्हाला मात्र ती कळतात.

एका दिवसात चार मंदिरं

सकाळी लवकर उठा. पहाटे भगव्या चीवरातले भिक्खू हातात पात्र घेऊन अनवाणी निघतात आणि दुकानदार, आज्या, ऑफिसला निघालेल्या पोरी रस्त्याकडेला थांबून त्यांच्या पात्रात भात घालतात. पुस्तकात वाचलेला 'भिक्षाटन' हा शब्द तिथे रोज घडतो, अगदी सेव्हन-इलेव्हनच्या दारात.

साडेआठला राजवाड्याचं दार उघडतं. आतल्या 'वाट फ्रा काएव'मध्ये देशातली सर्वात पूज्य मूर्ती आहे, पाचूचे बुद्ध. नाव पाचूचं असलं तरी मूर्ती हिरव्या जेड दगडाची, आणि उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. एवढी लहान मूर्ती, पण तिचा पोशाख वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा लागताना, खुद्द राजा बदलतो. आवाराच्या भिंतींवर संपूर्ण रामायण रंगवलंय, थाई लोकांचं 'रामकियन'. वानरसेना ओळखायला गाइड लागत नाही.

तिथून चालत 'वाट फो'. आत शिरलात की समोर ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच पहुडलेले सोनेरी बुद्ध. एका नजरेत मावतच नाहीत! तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत. मागच्या भिंतीशी १०८ पितळी पात्रं मांडलेली असतात. लोक त्यात एकेक नाणं टाकत पुढे सरकतात आणि सभागृहभर तो टणटण आवाज चालू राहतो. अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं पाहिलं असेल, तर पाय आपोआप थबकतील. तिथेही महापरिनिर्वाणाची सात मीटरची मूर्ती अशीच उजव्या कुशीवर आहे. दोन्हींमध्ये जवळपास १३ शतकांचं अंतर.

समोरच्या धक्क्यावरून बोटीने चाओ फ्राया नदी ओलांडली की 'वाट अरुण'. लांबून पांढरट दिसणारं शिखर जवळ गेल्यावर फुलांनी भरतं. ती फुलं चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची आहेत. फुटक्या बशा-वाट्यांतून एवढं देखणं काम!

संध्याकाळी चायनाटाउनजवळच्या 'वाट त्रायमित'ला जा. इथली मूर्ती कित्येक वर्षं साध्या गिलाव्याची समजून ठेवली होती. १९५५ मध्ये ती हलवताना दोर तुटला, मूर्ती आदळली, गिलाव्याला तडा गेला आणि आतून सोनं चमकलं. साडेपाच टन वजनाची मूर्ती! शत्रूपासून वाचवण्यासाठी जुन्या लोकांनी ती लिंपली असावी, आणि पुढच्या पिढ्या ते विसरूनच गेल्या.

दुसरा दिवस हाताशी असेल तर लोहप्रासाद पाहा. त्याची ३७ शिखरं म्हणजे बोधीकडे नेणारे ३७ धम्म. मधल्या गोल जिन्याने वर चढता येतं.

खटकेल, तेही बघा

तुम्ही वस्तीतल्या विहारात वाढला असाल, तर तिथे दोन गोष्टी एकदम होतील. भिक्खू पाली म्हणू लागले की सूर वेगळा असेल, पण त्रिसरण आणि पंचशील तुम्हाला लगेच ओळखू येईल. परक्या देशात, भाषेचा एक शब्द कळत नसताना, ओठ आपोआप हलायला लागतील. पत्र्याच्या छताखाली दर पौर्णिमेला म्हटलेलं इथे सोन्याच्या शिखराखाली ऐकू येतं, तेव्हा काय वाटतं ते ज्याचं त्यानेच अनुभवावं.

पण दुसरीकडे काही गोष्टी टोचतील. मूर्तीला सोन्याचा वर्ख चिकटवणारे लोक, काड्या हलवून नशीब बघणारे, गळ्यात ताईत घालणारे, कोपऱ्यात गणपती आणि ब्रह्मा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा ज्या घरात पाठ आहेत, तिथल्या मुलाला हे कसं पचावं? लगेच नाक मुरडू नका आणि लगेच मानही डोलावू नका. एकच बुद्ध दोन देशांत दोन वाटांनी पोचला आहे. आपल्याकडे तो माणुसकीचा हक्क मागत आला, तिकडे शतकानुशतकं राजाचा आणि रोजच्या घराचा होऊन राहिला. हा फरक समजला तरी प्रवासाचे पैसे वसूल.

ही देवाणघेवाण नवीही नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबरला पुण्याजवळ देहूरोडला बसवली. आजही ती तिथे आहे.

जाण्याआधी

- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. फाटकी जीन्स हॉटेलवरच ठेवा.
- बसताना तळपाय मूर्तीकडे करू नका. मुलींनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही.
- 'राजवाडा आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो,' असं रस्त्यावर कुणी सांगितलं तर हसून पुढे चला. ही तिथली जुनी फसवणूक आहे.
- राजवाड्याचं तिकीट ५०० बाथ आहे, बाकी ठिकाणी कमी. तिकिटांचे दर आणि व्हिसाचे नियम बदलतात, निघण्याआधी तपासा.
- बुद्धमूर्ती विकत घेऊन देशाबाहेर आणायला परवाना लागतो.
- प्रत्येक मंदिरात दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवून नुसतं जमिनीवर बसा. हे फुकट आहे.

आणि सध्या खिशात पैसे नसतील तर?

बहुतेकांच्या नसतातच. मग गेवराईहून छत्रपती संभाजीनगरची एसटी पकडा. विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात भगवान बुद्ध बसलेत, आणि समोर माणसाच्या उंचीची दगडातली स्त्री-पुरुष मंडळी गुडघे टेकून, हात जोडून बसली आहेत. कुणाच्या हातात हार, कुणाच्या केसांची तऱ्हा निराळी. तुमच्या-आमच्यासारखीच साधी माणसं. दीड हजार वर्षं ती तशीच बसून आहेत.

त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसा. पुढे कधी बँकॉकला गेलात आणि एखाद्या वाटमध्ये गुडघे टेकून बसलेली आजी, तिची नात, कामावरून आलेला टॅक्सीवाला दिसला, की ओळख पटेल. हीच ती रांग. आपल्या डोंगरात ती दगडाची होऊन थांबली, तिकडे ती अजून चालू आहे. थोडं सरकून तुम्हालाही जागा देतील.

आणि कट्ट्यावर परत कुणी डोळा मारला, तर त्याला एवढंच विचारा, 'तलवाड्यातला वाडा म्हणजे काय, माहितीय का रे?'