पाहुणे आणि किनारा

पाठीवर बोजा बांधून देशोदेशी फिरणारी तरुण जोडपी थायलंडात बहुधा प्रथम बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर उतरतात. या नावाचा अर्थ सडीक तांदूळ. एके काळी येथे तांदळाचा मोठा बाजार भरे. आता स्वस्त खोल्या, झगझगीत दिवे आणि रात्री उशिरापर्यंत गाणेबजावणे.

तेथून ती दक्षिणेकडील फी फी बेटांची वाट धरतात. सन २००० मधील ‘द बीच’ या चित्रपटाने तेथील माया बे किनारा जगास दाखविला, आणि माणसांची रीघ लागली. नौकांच्या नांगरांनी प्रवाळ मोडले. अखेर जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला. प्रवाळाची कलमे लाविली गेली. काळ्या परांच्या मुशी परतल्या. जानेवारी २०२२ मध्ये किनारा उघडला, तो मोजक्याच माणसांसाठी. नौकाही आता बेटाच्या मागील अंगास लागतात.

जोडप्यांनी जग अवश्य पाहावे, असे आम्हांस वाटते. परंतु शेत पडीक ठेविले म्हणजे जमिनीचा कस परत येतो, हे आपण जाणतो. किनाऱ्याचेही तसेच आहे. केव्हा उठावे हे पाहुण्यास उमगले, तर यजमानास दार लावावे लागत नाही.