जॅझचे दप्तर

जॅझचे बाल्य आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्याची भरभराट या दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास घडल्यामुळे या संगीताच्या अभ्यासकास असा भ्रम सहजच होतो की, आपल्याकडील घराण्यांच्या पूर्वेतिहासासाठी जसे आख्यायिकांवर विसंबावे लागते तसे येथे लागणार नाही. तबकड्या तारीखवार लावल्या की इतिहास सिद्ध झाला. गेल्या शंभर वर्षांत या विषयावर जे ग्रंथ झाले, ज्या तबकड्या निघाल्या आणि जी नभोवाणी-प्रक्षेपणे झाली त्यांचा मागोवा घेताना हे दप्तर तितकेसे सरळ नाही, अशीच माझी खात्री होत गेली आहे.

पहिला दाखला २६ फेब्रुवारी १९१७ चा. त्या दिवशी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने 'ओरिजिनल डिक्सीलँड' या नावाने मिरविणाऱ्या पाच गोऱ्या वादकांचे वादन मुद्रित केले. त्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते. न्यू ऑर्लिन्सच्या ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून हे संगीत वर आले, त्यांतील एकाही वादकाचे नाव या दाखल्यावर नाही. त्यांची दाद लागण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, आणि एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा ताफा शिकागोहून इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी गेनेट कंपनीसाठी वाजविण्यास गेला तेव्हाची हकीगत तर मुळातून समजून घेण्याजोगी आहे. विद्युत ध्वनिग्राहक तेथे अद्याप पोहोचलेला नव्हता. एका कर्ण्यापुढे सर्वांनी दाटीवाटीने उभे राहून वाजवावयाचे आणि केवळ त्या नादाच्या जोरावर पलीकडच्या सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत जावयाचे, अशी ती रीत. मोठ्या ड्रमच्या ठोक्याने सुई उडे, म्हणून बेबी डॉड्झ याने लाकडी ठोकळ्यांवर निभावून नेले. शेजारूनच लोहमार्ग जात असल्याने गाडी आली की काम तहकूब करावे लागे. आणि तरुण लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट इतके बुलंद की गुरूचा स्वर झाकला जाऊ नये म्हणून त्यास दूर उभे करण्यात आले, असे त्याच ताफ्यात पियानो वाजविणारी लिल हार्डिन पुढे सांगत असे. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावे. नृत्यगृहात जी चीज नाचणाऱ्यांचे पाय थकेपर्यंत रंगे, तिचा येथे केवळ गोषवारा उरे. आज आपण ज्यास आद्य जॅझचा बाज म्हणतो त्यात प्रतिभेचा वाटा किती आणि कर्ण्याचा व आगगाडीच्या वेळापत्रकाचा किती, याचा निवाडा करणे सोपे नव्हे.

तबकडीने जे टिपलेच नाही ते ग्रंथांनी भरून काढावयाचे. बडी बोल्डन या कॉर्नेटवादकास जॅझचा आद्य पुरुष मानतात. १९०७ साली त्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले, १९३१ मध्ये तो वारला, आणि त्याच्या वादनाचा एकही स्वर आज उपलब्ध नाही. १९३९ मध्ये 'जॅझमेन' हा गाजलेला ग्रंथ निघाला, त्यात हा बोल्डन केशकर्तनालयाचा मालक आणि शहरातील कुलंगड्यांच्या एका पत्राचा संपादक म्हणून अवतरतो. या ग्रंथाचा एक प्रमुख साक्षीदार बंक जॉन्सन. दात गेल्याने वादन सुटलेल्या या वृद्ध गृहस्थास संशोधकांनी आडगावातून शोधून काढले. सिडनी बेशे या विख्यात वादकाच्या दंतवैद्य बंधूने त्यास कवळी बसवून दिली आणि १९४२ मध्ये त्याच्या तबकड्याही निघाल्या. परंतु बोल्डनच्या मांडीला मांडी लावून आपण वाजविले हे सांगता यावे म्हणून त्याने आपले वय चांगले दहा वर्षांनी वाढवून सांगितले असावे, असे पुढील अभ्यासकांचे मत पडले. १९७८ साली डोनाल्ड मार्क्विस याने नगरनिर्देशिका, पोलीस दप्तर आणि इस्पितळाचे कागद चाळून बोल्डनचे चरित्र सिद्ध केले, तेव्हा ते दुकानही नाहीसे झाले आणि ते पत्रही. रसाळ 'जॅझमेन'हून हे रूक्ष पुस्तक मला अधिक प्रिय आहे. मात्र पहिले नसते तर दुसरे लिहिण्याची बुद्धी कोणास झाली असती, अशी शंका येते. जेली रोल मॉर्टन याने १९०२ मध्ये जॅझचा शोध आपणच लावला असा जो दावा केला तो खुशाल खारीज करावा. पण १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात ॲलन लोमॅक्सपुढे बसून त्याने जुन्या शैली पियानोवर करून दाखविल्या, तो पुरावा खारीज होत नाही.

नभोवाणीचे कार्य निराळे. ड्यूक एलिंग्टन डिसेंबर १९२७ पासून हार्लेममधील ज्या कॉटन क्लबात वाजवीत असे, तेथे कृष्णवर्णीयांनी वाजवावयाचे व गोऱ्यांनी बसून ऐकावयाचे असा दंडक होता. तेथून प्रक्षेपणे सुरू झाल्यावर तो दंडक दाराबाहेर लागू पडेना. पुढे ऑगस्ट १९४२ पासून वादकसंघाने मानधनाच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, आणि नेमक्या त्याच अवधीत चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी अर्ल हाइन्सच्या ताफ्यात एकत्र वाजवीत असल्याने त्या ताफ्याची एकही व्यापारी तबकडी निघाली नाही. त्यामुळे त्या दोघांची बीबॉप ही नवी शैली जगापुढे आली ती जणू प्रौढ होऊनच. १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर संथ, सुस्पष्ट इंग्रजीत जॅझ ऐकवू लागला आणि वॉर्सा-मॉस्कोपर्यंत त्याचे श्रोते पसरले. परदेशासाठीचे प्रक्षेपण स्वदेशात ऐकविण्यास कायद्याने मनाई असल्याने १९९६ मध्ये तो निवर्तला तेव्हा मायदेशी त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते.

मुंबईचे दप्तर याहून विरळ. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला, त्यामागून टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी त्यांची विद्या हां हां म्हणता आत्मसात केली. त्यांपैकी ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याचे कर्तृत्व पुणतांब्याच्या संगीतकार रामचंद्र चितळकरांच्या १९५१ मधील 'अलबेला' या चित्रपटातून घरोघरी पोहोचले, पण चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची चाल नव्हती. ग्रेगरी बूथ यांचा २००८ मधील ग्रंथ आणि नरेश फर्नांडिस यांचे २०१२ मधील 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' यांनी ती उणीव पुष्कळशी भरून काढली. त्यांतील पुष्कळ भाग वृद्ध वादकांच्या जबान्यांवर उभा आहे, आणि त्या मंडळींतही एखादा बंक जॉन्सन असेलच. त्यास उलटतपासणीत गाठणारा आपला मार्क्विस मात्र व्हावयाचा आहे.