दान, पावती आणि प्राप्तिकर



गुप्तदान सर्वांत श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. प्राप्तिकर खात्याला मात्र गुप्तदान ठाऊक नाही. कोणी, कोणाला, किती आणि कोणत्या मार्गाने दिले, हे लेखी दिसल्यावाचून ते दानाबद्दल एका पैचीही सवलत देत नाही. या सवलतीचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पार पालटले आहे; आणि देणाऱ्यांपैकी व घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांना त्याची अद्याप नीट वार्ता नाही. म्हणून आज त्याविषयी चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

मी कायदेपंडित नव्हे. जन्मभर मुलांना अंकगणित शिकविले, आणि सेवानिवृत्त झाल्यापासून एका शाळेच्या गरीब विद्यार्थी निधीचा हिशेब सांभाळतो. मुलांच्या वह्या, गणवेश व परीक्षेची फी त्या निधीतून भागते. आमचा एक जुना विद्यार्थी दरसाल न चुकता वीस हजार रुपये धाडीत असे. २०२५ साली त्याने कळविले, "गुरुजी, नव्या पद्धतीत देणगीची वजावट मिळत नाही, सबब यंदा क्षमा असावी." वाचून वाईट वाटले; पण शिक्षकाची खोड जात नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम वजावट म्हणजे काय ते पाहू. वीस हजारांची पावती दाखविली की कर वीस हजारांनी उतरतो, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. वजावट होते ती प्राप्तीतून, करातून नव्हे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात '८० जी' हे कलम १ एप्रिल १९६८ पासून आले. त्यानुसार पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी अथवा मुख्यमंत्री मदत निधी यांस दिलेली सर्व रक्कम प्राप्तीतून वजा होते. मान्यता मिळालेल्या सामान्य धर्मादाय संस्थेस दिलेल्या रकमेपैकी मात्र निम्मीच. शिवाय अशा संस्थांच्या देणग्यांस मर्यादा आहे. इतर वजावटी जाऊन जी प्राप्ती उरते, तिच्या दहाव्या हिश्शापर्यंतच्या देणग्या हिशेबात घेतल्या जातात. त्यावरील दान हे निव्वळ दान.

आता आमच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. वय साठांच्या आत, पगार दहा लक्ष. जुन्या पद्धतीने विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरे वजा जाता करपात्र प्राप्ती आठ लक्ष. २०२५-२६ च्या दरांनी त्यावर उपकरासह ७५,४०० रुपये कर होतो. वीस हजार आमच्या निधीस दिले, तर दहा हजार प्राप्तीतून वजा होतात आणि कर ७३,३२० वर येतो. म्हणजे वाचले किती? २,०८० रुपये. उरलेले १७,९२० रुपये तो पूर्वीही स्वतःच्याच खिशातून देत होता.

नवी करपद्धती २०२० च्या अर्थकायद्याने ऐच्छिक म्हणून आली. दर कमी, पण बहुतेक वजावटी रद्द, त्यांत दानाचीही. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धती ठरली, आणि जुनी हवी असणाऱ्याने विवरणपत्र मुदतीत भरून तशी निवड करावी, असा नियम झाला. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लक्षांपर्यंतच्या सामान्य प्राप्तीवरील कर सुटीच्या रूपाने माफ झाला. आमच्या विद्यार्थ्यास दहा लक्षांतून ७५,००० ची ठरीव वजावट मिळून नव्या पद्धतीत कर पडला शून्य! पाऊण लाखाचा कर वाचला, दोन हजारांची सवलत गेली, आणि बंद झाली ती वीस हजारांची देणगी. मी हे त्रैराशिक त्यास लिहून धाडले. आठवड्याने पैसे आले. पत्र नव्हते.

याचा अर्थ जुनी पद्धती सर्वांनाच गैरफायद्याची, असा नव्हे. मोठे गृहकर्ज असणाऱ्यांस किंवा घरभाड्याची सूट घेणाऱ्यांस ती अजूनही सोयीची पडू शकते. दोन्ही रीतींनी गणित करून पाहावे. मात्र केवळ देणगीच्या पावतीसाठी जुनी पद्धती धरून बसणे बहुधा तोट्याचे ठरेल.

ज्यांस सवलत घ्यावयाची आहे त्यांनी काही पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले पथ्य मी माझ्याच चुकीतून शिकलो. २०२२ साली स्नेहसंमेलनात एका वृद्ध पालकांनी पाच हजारांच्या नोटा माझ्या हाती ठेवल्या, आणि मी हर्षभराने पावती फाडली. रोख देणगीची मर्यादा पूर्वी दहा हजार होती. २०१७ च्या अर्थकायद्याने ती दोन हजारांवर आणली. तीपेक्षा अधिक रोख दिल्यास वरचेच नव्हे, सबंध रकमेची वजावट जाते. त्यांची गेली. दोष त्यांचा नव्हता. पावती फाडणाराचा होता. दुसरे पथ्य असे की धान्य, कपडे, पुस्तके यांच्या रूपाने केलेल्या दानास ही वजावट नाही. तिसरे, २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदाराची नोंद ३१ मेपर्यंत खात्याकडे पाठवून त्यास प्रमाणपत्र द्यावयाचे असते. नुसत्या पावतीवर आता भागत नाही. संस्थेची मान्यताही मुदतीची झाली आहे. ती चालू आहे ना, हे देण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात संकोच मानू नये.

१९६१ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा २०२५ साली संमत झाला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यात '८० जी'चा विषय कलम १३३ मध्ये आला आहे. कलमाचा आकडा बदलला, तरी वर सांगितलेला दोन पद्धतींचा भेद कायम आहे.

निधी गोळा करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एक विनंती. "करात सवलत मिळेल" हे वाक्य आपल्या विनंतिपत्रांतून सरसकट छापू नका. पुष्कळांना ती आता मिळणार नाही, आणि ते उमगल्यावर त्यांचा विश्वास उडेल. आम्ही ते वाक्य काढून टाकले, आणि त्या जागी गतवर्षी किती मुलांची फी भरली तो आकडा छापला.

अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एकेक पैसा मागितला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा देणारांपैकी बहुतेकांचा प्राप्तिकराशी कधी संबंधही आला नसेल. सवलत मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. तो आपला हक्क आहे. पण ती गेली म्हणून हात आखडण्यापूर्वी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे, आणि नेमके किती गेले ते पाहावे.