यहोवाचे साक्षीदार

ख्रिस्ती परंपरेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेला एक काटेकोर शिस्तीचा व अलिप्ततावादी पंथ. ईश्वराचे खरे नाव यहोवा. येशू हा त्याचा पुत्र, परंतु त्याच्याशी समान नव्हे. जगाची प्रचलित व्यवस्था लवकरच संपुष्टात येऊन ईश्वराचे राज्य पृथ्वीवर अवतरणार, ही या पंथाची मुख्य मते होत. त्रैक्याचा सिद्धांत त्याला अमान्य असल्यामुळे रोमन कॅथलिक, प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चे त्याला ख्रिस्ती धर्माच्या कक्षेबाहेरचा मानतात, तर पंथाच्या मते ही सर्व चर्चेच सत्यापासून ढळलेली आहेत. अलिप्तता अशी दोन्ही बाजूंनी आहे. प्रस्तुत नोंदीत पंथाच्या ईश्वरशास्त्रापेक्षा या अलिप्ततेच्या आचारांचा विचार प्रामुख्याने केला आहे. कारण वाळीत टाकण्याच्या प्रथेशी दीर्घकाळ झगडलेल्या महाराष्ट्रात त्या आचारांना एक वेगळा अर्थ प्राप्त होतो.

पंथाचा प्रवर्तक चार्ल्स टेझ रसेल (१८५२–१९१६). पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गच्या परिसरात त्याने सु. १८७० मध्ये बायबलच्या अभ्यासाचे एक मंडळ सुरू केले आणि १८७९ मध्ये एक मासिक काढले. तेच पुढे अनेक भाषांत निघू लागले. मराठीत ते टेहळणी बुरूज या नावाने ओळखले जाते. रसेलच्या मृत्यूनंतर जोसेफ रदरफर्ड (१८६९–१९४२) याने संघटनेची सूत्रे हाती घेतली, स्थानिक मंडळ्यांचे स्वातंत्र्य कमी करून तिला केंद्रानुवर्ती रूप दिले आणि १९३१ मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव स्वीकारले. अमेरिकेतील नियामक मंडळाचा निर्णय जगभरच्या मंडळ्यांवर बंधनकारक असतो. वेतनभोगी पुरोहितवर्ग नाही. स्थानिक मंडळीचा कारभार ‘वडील’ म्हणून नेमलेले पुरुष पाहतात आणि घरोघर जाऊन प्रचार करणे हे प्रत्येक सभासदाचे कर्तव्य समजले जाते. उपासनास्थानास चर्च न म्हणता ‘राज्य सभागृह’ म्हणतात. तेथे क्रूस नसतो.

रसेल १९१२ मध्ये भारतात येऊन गेला होता आणि प्रथम त्रावणकोरात काही अनुयायी मिळाले. तथापि संघटनेचे भारतातील कार्यालय १९२६ मध्ये स्थापन झाले ते मुंबईस. त्यासाठी इंग्लंडहून आलेले एडविन स्किनर यांनी १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतातच काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने पंथाच्या साहित्यावर बंदी घातली होती. १९७८ मध्ये हे कार्यालय लोणावळ्यास नेण्यात आले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते बंगलोरला हलविण्यात आले. म्हणजे सु. पाऊण शतक या पंथाचा भारतातील कारभार महाराष्ट्रातून चालला. सभासदसंख्या मात्र दक्षिणेकडे, विशेषतः केरळात, अधिक राहिली. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भारतात पन्नास हजारांहून अधिक आणि जगात सु. ९० लाख प्रचारक सभासद असल्याचे पंथाच्या अहवालांवरून दिसते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा ओघ या काळात नेमका उलट दिशेने होता. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट चर्चे आपापले भेद बाजूस ठेवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ मध्ये विलीन झाली. साक्षीदारांना असले ऐक्य हीच भ्रष्टता वाटते.

अलिप्ततेचे आचार : शिष्य या जगात असले तरी या जगाचे नव्हेत, हे योहानाच्या शुभवर्तमानातील (१७ : १६) वचन आणि अविश्वासणाऱ्यांतून वेगळे निघण्याविषयीचे पौलाचे आवाहन (२ करिंथकर ६ : १४–१७) यांवर पंथाचा सारा आचार उभा आहे. साक्षीदार सैन्यात जात नाहीत, ध्वजवंदन करीत नाहीत, राष्ट्रगीत गात नाहीत. राजकीय पक्ष व मतदान यांपासून दूर राहतात. कर मात्र ते कटाक्षाने भरतात आणि धर्माज्ञेच्या आड न येणारे कायदेही पाळतात. वाढदिवस साजरे करीत नाहीत. नाताळ व ईस्टर हे मूळ मूर्तिपूजकांचे सण म्हणून वर्ज्य मानतात. रक्त हे जीवनाचे प्रतीक असल्याने रक्त घेणे निषिद्ध असून १९६१ पासून रक्त स्वीकारणारा सभासद शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरू लागला. इतर धर्मीयांच्या, तसेच इतर ख्रिस्ती पंथीयांच्या, उपासनेत भाग घेणे वर्ज्य आहे.

यांतील एकेक निषेध सुटा पाहिल्यास कोणत्याही व्रतस्थ पंथात आढळेल असाच आहे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम निराळा होतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबात नाताळ हा केवळ धार्मिक सण नसून माहेरवाशिणी घरी येण्याचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाची ताटे पाठविण्याचा काळ असतो. तो गेला, गणेशोत्सवाची वर्गणी गेली, हळदीकुंकवाचे बोलावणे गेले, मुलांचे वाढदिवस गेले, म्हणजे शेजारधर्माचे बहुतेक प्रसंग संपतात. सभासदाचे स्नेही, सोयरे व सल्लागार हे सगळे मग मंडळीतच उरतात. मंडळी त्यांना खरोखरीचा आधारही देते. परस्परसाहाय्य, निर्व्यसनीपणा आणि जातिभेदाचा तात्त्विक इन्कार ही या पंथाची बाजू मान्य केलीच पाहिजे.

राज्यसंस्थेशी संघर्ष : अलिप्ततेची मोठी किंमत पंथाने राज्यसंस्थेच्या हातून मोजली आहे. नाझी जर्मनीत लष्करी सेवा व हिटलरचे अभिवादन नाकारल्याबद्दल हजारो साक्षीदारांना तुरुंगात व छळछावण्यांत डांबण्यात आले. छावणीत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण असे. अमेरिकेत ध्वजवंदन नाकारणाऱ्या मुलांना शाळेतून काढण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये मान्यता दिली आणि तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, तो निर्णय स्वतःच फिरविला. रशियाने २०१७ मध्ये पंथावर बंदी घातली.

भारतातील प्रसिद्ध खटला केरळचा. जुलै १९८५ मध्ये एकाच कुटुंबातील तीन मुलांना राष्ट्रगीत न गाइल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले. ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी इतरांबरोबर आदराने उभी राहत. फक्त गात नसत. केरळ उच्च न्यायालयात दाद न मिळाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम्. एम्. दत्त यांनी मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा अस्तित्वात नाही, आदराने उभे राहण्यात अवमान नाही, आणि श्रद्धा प्रामाणिक असेल तर ती न्यायाधीशांना पटते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, असा निकालाचा आशय होता. संविधानाच्या १९ व्या व २५ व्या अनुच्छेदांचा अर्थ लावताना हा निकाल वारंवार आधाराला घेतला जातो. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यात रुजविण्याचे श्रेय अशा रीतीने एका अतिलहान पंथाच्या तीन मुलांकडे जाते.

मंडळीबाहेर घालणे : सदसद्विवेकाचे जे स्वातंत्र्य पंथ न्यायालयात मागतो, ते आपल्या सभासदांना तो कितपत देतो, हा खरा प्रश्न आहे. १९५२ पासून पंथाने सभासदास मंडळीबाहेर घालण्याची पद्धत व्यवस्थित अंमलात आणली. गंभीर दोष घडल्यास, किंवा पंथाच्या शिकवणुकीस विरोध केल्यास, वडिलांची समिती बंद दाराआड चौकशी करते. पश्चात्ताप झाल्याचे समितीस न पटल्यास ती व्यक्ती आता यहोवाची साक्षीदार नाही, एवढीच घोषणा सभेत केली जाते. कारण सांगितले जात नाही. त्यानंतर सभासदांनी तिच्याशी सहवास ठेवावयाचा नाही, तिच्याबरोबर जेवावयाचे नाही. एका छपराखाली राहणाऱ्या पतिपत्नींचे व मुलांचे नित्यसंबंध चालू राहतात. वेगळ्या घरात राहणाऱ्या आप्तांशी मात्र निकडीपुरताच संबंध ठेवावा, असा दंडक आहे. १९८१ मध्ये हा नियम आणखी कडक होऊन, आपण होऊन राजीनामा देणाऱ्यासही बाहेर घातलेल्याप्रमाणेच वागवावे, असे ठरले.

या नियमाचा फटका खुद्द वरिष्ठ वर्तुळालाही बसला. नियामक मंडळाचे सभासद रेमंड फ्रांझ हे १९८० मध्ये मंडळातून बाहेर पडले. १९८१ मध्ये त्यांना मंडळीबाहेर घालण्यात आले, ते संघटना सोडून गेलेल्या एका गृहस्थाबरोबर उपाहारगृहात जेवल्याच्या कारणावरून. मराठी वाचकास येथे पंचहौद मिशनचे प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. १८९० मध्ये पुण्याच्या त्या मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्या. रानडे, लोकमान्य टिळक इत्यादींवर ग्रामण्य उभे राहिले होते. एकीकडे सनातनी ब्राह्मणसमाज, दुसरीकडे सनातनी परंपरेलाच मूर्तिपूजा ठरविणारा अमेरिकन पंथ; पण समाजाची सीमा कोण कोणाबरोबर खातो-पितो यावरून आखायची, ही रीत दोहोंकडे एकच.

पंथ आधार देतो तो पौलाच्या वचनांचा (१ करिंथकर ५ : ११–१३) आणि योहानाच्या दुसऱ्या पत्राचा (१०–११). परंतु पौलापुढे एक विशिष्ट व उघड दुराचरणाचे प्रकरण होते. दुसऱ्या पत्रात (२ करिंथकर २ : ६–८) शासन झालेल्या माणसाला क्षमा करून धीर द्या, असे तोच सांगतो. योहानाचा रोख फिरत्या भोंदू उपदेशकांवर आहे, श्रद्धा उडालेल्या मुलावर किंवा बहिणीवर नाही. न ऐकणाऱ्यास जकातदारासारखे समजा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८ : १७) आहे खरे, पण येशू जकातदारांच्या पंक्तीला बसत असे, ही त्याच ग्रंथातील तक्रार आहे.

टीकेचा दुसरा मुद्दा बाप्तिस्म्याच्या वयाचा. पंथ अर्भकांना बाप्तिस्मा देत नाही. स्वेच्छेने घेतलेलाच तो खरा मानतो. तथापि पंथीय कुटुंबांतील अनेक मुले तो पौगंडावस्थेत घेतात. बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलाचे मन पुढे पालटले तर त्याच्यावर रीतसर कारवाई होत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो घेतलेल्याचे पंचविसाव्या वर्षी पालटले, तर आईवडील दुरावण्याचा धोका उभा राहतो. साधा करारही ज्या वयात कायद्याने बंधनकारक होत नाही, त्या वयातील संमतीवर आयुष्यभराचे नाते टांगून ठेवणे समर्थनीय वाटत नाही.

महाराष्ट्रातील कायदा : मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा करून कोणत्याही धर्मसमूहाने आपल्या सभासदास बहिष्कृत करणे बेकायदा ठरविले होते. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनी त्यास दिलेल्या आव्हानावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून सभासदास वगळणे हा संप्रदायाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग असून अनुच्छेद २६ त्यास संरक्षण देतो, असे बहुमत होते. मुख्य न्यायमूर्ती भु. प्र. सिन्हा यांनी भिन्नमतपत्रिकेत बहिष्कृताची अवस्था अस्पृश्याच्या अवस्थेशी ताडून पाहिली. ‘बहिष्कृत’ हा शब्द डॉ. आंबेडकरांनी आपल्या सभेच्या (१९२४) व पाक्षिकाच्या (१९२७) नावात ज्या अर्थाने योजिला, त्या अर्थाशी परिचित असलेल्यांना ही तुलना दूरान्वयाची वाटणार नाही. १९६२ च्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला.

दरम्यान जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती व इतरांनी चालविलेल्या चळवळीमुळे राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायद्याचा रोख सामूहिक जबरदस्तीवर आहे. एखाद्याने आपल्या मनाने कोणाशी बोलणे सोडले तर तो गुन्हा नव्हे, आणि नसावाही. मंडळीने सभासदत्व काढून घेणे हाही तिचा अधिकार मानला पाहिजे. परंतु सभासदत्व काढणे निराळे आणि उरलेल्यांनी त्या व्यक्तीशी बोलू नये, न पाळणाऱ्यावरही कारवाई होईल, असा धाक घालणे निराळे. पहिले धर्माच्या क्षेत्रात येते. दुसरे नागरी जीवनात शिरते.

हा भेद मोठ्या शहरात कदाचित पुसट वाटेल. मुंबईत एक मंडळी तुटली तरी कचेरी, चाळ, मित्र असे दुसरे वर्तुळ मिळू शकते. वाशीमसारख्या जिल्ह्याची गोष्ट निराळी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये सु. १२ लाख होती आणि तीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळच कमी होते. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर यांसारख्या तालुक्याच्या गावी कोणताही छोटा ख्रिस्ती पंथ म्हणजे मोजकी घरे. अशा ठिकाणी इतर ख्रिस्ती लोकांशी व शेजाऱ्यांच्या सणावारांशी आधीच फारकत घेतलेल्या कुटुंबातील एखाद्यास मंडळीने दूर लोटल्यास त्याला जाण्यास दुसरे दार उरत नाही. मुलांची सोयरीक, आजारपण आणि मृत्यूनंतरची मूठमाती या तिन्ही प्रसंगी ते जाणवते. अलिप्तता जितकी पूर्ण, तितकी बहिष्काराची शिक्षा जबर, हे सूत्र कोणत्याही बंदिस्त समूहास लागू पडते.

अलीकडील घडामोडी : नॉर्वेने २०२२ मध्ये याच प्रथेवरून पंथाची नोंदणी व अनुदान काढून घेतले, कनिष्ठ न्यायालयाने २०२४ मध्ये सरकारचा, तर अपील न्यायालयाने २०२५ मध्ये पंथाचा पक्ष उचलून धरला. २०२४ मध्ये नियामक मंडळाने नियम काहीसे सैल केले : ‘बहिष्कृत’ ऐवजी ‘मंडळीतून काढलेली व्यक्ती’ असा शब्द आला, अशा व्यक्तीस सभेला येण्याचे निमंत्रण देण्यास व तेथे तिचे साधे स्वागत करण्यास मोकळीक मिळाली आणि अल्पवयीनांच्या चुकांची हाताळणी सौम्य झाली. विरोधी मतप्रचार करणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

२९ ऑक्टोबर २०२३ रोजी केरळातील कळमश्शेरी येथे पंथाच्या अधिवेशनात बाँबस्फोट होऊन अनेकांचा बळी गेला. पूर्वी पंथात असल्याचे सांगणाऱ्या एका इसमाने पंथाची शिकवण राष्ट्रविरोधी असल्याचे कारण देऊन स्फोटाची जबाबदारी स्वीकारली. १९८६ च्या निकालाने तीन मुलांच्या मौनाला संरक्षण दिले, त्याला तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती.