महासाथ आणि सुरतेची घंटी

जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पाडले जातात. साथीत हे काम चालू ठेवायचे तर व्यवसाय सातत्य व्यवस्थापन लागते, म्हणजे कोणता टप्पा अडला की सगळे काम ठप्प होते, हे आधी हेरून त्याला पर्याय तयार ठेवणे. हिरे उद्योगात हा टप्पा म्हणजे घंटी. फिरत्या चाकाच्या या एका घंटीभोवती साधारण चार रत्नकलाकार खांद्याला खांदा लावून बसतात. दोघांनाच बसवले की अंतर राखले जाते, पण त्या घंटीचे काम निम्म्यावर येते. हे काम घरी नेण्याचीही सोय नाही.

कोविडमुळे मार्च २०२० मध्ये लागलेल्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये कारखाने उघडले. सुरतेच्या कतारगाम, वराछा भागांत संसर्ग वाढताच जुलैत महापालिकेला पुन्हा निर्बंध आणावे लागले. मालाच्या बाजूने मात्र वेळीच पाऊल पडले होते. रत्ने व आभूषणे निर्यात प्रोत्साहन परिषदेने १५ मेपासून महिनाभर कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन केले. मागणी नसताना साठा आणि त्यावरचे कर्ज फुगू नये, हा हेतू. निर्णय शहाणपणाचा होता, पण त्याने तुकड्यामागे मजुरी मिळवणाऱ्या कारागिराची चूल पेटत नव्हती.

सुरतेच्या कापड उद्योगाची नाडी मात्र बाहेरून आलेल्या माणसांच्या हाती होती. ओडिशाचे यंत्रमाग कामगार गावी परतले आणि माग थांबले. १९९४ च्या प्लेगमध्येही लाखो लोकांनी सुरत सोडली होती.